गजरा, चार सेंटिमीटर आणि चांदी

मामा लग्नांचे फोटो काढायचे, त्या काळातला त्यांचा ‘यशिका मॅट १२४ जी’ माझ्याकडे आला तो वीस वर्षांच्या धुळीसकट. पहिल्या रोलमधले बरेचसे फोटो मी आईचेच काढले. आई खिडकीशी बसलेली, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा, मी जेमतेम मीटरभर अंतरावर. कॅमेऱ्याच्या काचेवर चौकट अगदी नेमकी बसली होती. रोल धुऊन बघतो तर गजरा वरून साफ कापलेला. मामा हसले. ‘‘अरे, ह्याला दोन डोळे आहेत. तू एकातून बघितलंस, फोटो काढला दुसऱ्याने.’’

एकावर एक अशी दोन भिंगं. वरचं नुसतं बघायला, फिल्मवर प्रकाश पाडतं ते खालचं. दोघांत अंतर साधारण चार सेंटिमीटर. समोर डोंगर असेल तर एवढ्याने काही बिघडत नाही, पण जवळच्या माणसाच्या डोक्यावरून तेवढी पट्टी हमखास जाते. डोळ्यांसमोर बोट धरून एकेक डोळा आळीपाळीने मिटला की बोट जागचं हलल्यासारखं वाटतं, त्यातलाच हा प्रकार. उपाय सोपा. चौकट जमली की कॅमेरा चार सेंटिमीटर वर उचलायचा आणि मग खटका दाबायचा.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये १९२९ साली ‘रोलायफ्लेक्स’ निघाला, तेव्हापासून ही दोन भिंगांची घडण फारशी बदललेली नाही. कॅमेरा पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून दुधी काचेत बघायचं. भिंग चित्र दोन्ही अंगांनी उलटं करतं: वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. आत ४५ अंशांत बसवलेला आरसा त्यातली एकच उलथापालथ निस्तरतो. माणसं सरळ उभी राहतात, पण डावं-उजवं तसंच उलटं राहतं. अंगणातून उजवीकडे धावलेलं पोर काचेवर डावीकडे पळतं. त्याला चौकटीत ठेवायला मी आधी हमखास चुकीच्या बाजूला वळतो. शेजारची मुलं माझे फोटो बघायला येत नाहीत, ही काच बघायला येतात, आणि मला त्यांचं पटतं.

फिल्ममध्ये ‘जीव’ असतो, ‘आत्मा’ असतो, असं बोललं जातं. मला विचाराल तर क्षेत्रफळ असतं. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. इथे ५६ बाय ५६, म्हणजे ३,१३६. साडेतीन पटींहून जास्त. तीस सेंटिमीटरचा चौकोनी फोटो करायला ही निगेटिव्ह पाच-साडेपाच पट वाढवावी लागते, छोटी साडेबारा पट. फिल्मवरचा चांदीचा दाणा दोन्हीकडे तोच, पण इथे तो निम्म्याहून कमी फुगतो, म्हणून आईच्या गालावरची सावली टप्प्याटप्प्याने न उतरता सलग उतरते. शिवाय एवढी चौकट भरायला भिंगही लांब पल्ल्याचं लागतं, ८० मिलिमीटरचं. त्यामुळे चेहरा स्पष्ट असला तरी मागची भिंत लवकर विरघळते.

ही फिल्म म्हणजे ‘वन ट्वेंटी’. १९०१ साली कोडॅकने ती काढली. १२० हे कसलंही माप नाही, कंपनीच्या यादीतला नुसता क्रमांक. ज्यांच्या घरी ‘अ‍ॅग्फा क्लिक थ्री’ होता, त्यांनी हाच रोल वापरला आहे. बारा फोटो, संपला विषय. फिल्मच्या पाठीला लांब कागद असतो आणि दोन्ही फक्त एका टोकाला चिकटवलेले असतात. दोन्ही टोकं चिकटवली असती तर गुंडाळताना फिल्मला फुगवटा आला असता, कारण आतल्या थराचा घेर लहान आणि बाहेरच्याचा मोठा. शेवटी कागदाची डिंक लावलेली पट्टी पाकिटासारखी जिभेने ओली करून रोल बंद करायचा. चव वाईट असते.

खटका दाबल्यावर नुसतं ‘टिक’. आरसा जागचा हलत नाही, भिंगातल्या पातळ पाकळ्या उघडून मिटतात, एवढंच. म्हणून संध्याकाळच्या उजेडातही, हात स्थिर असेल तर, फोटो सहसा हलत नाही.

त्या ‘टिक’मध्ये फिल्मवर जे घडतं त्याचं सविस्तर स्पष्टीकरण गर्नी आणि मॉट या शास्त्रज्ञांनी १९३८ साली मांडलं. सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकात प्रकाशाचा कण शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि स्फटिकातल्या एखाद्या खोटीत अडकतो. चांदीचा भटका आयन त्याला येऊन मिळतो, चांदीचा एक अणू तयार होतो. एकटा अणू टिकत नाही. चारेक अणू एका जागी जमले की ठसा पक्का झाला. एवढीशी चांदी कुठल्याही डोळ्याला दिसणार नाही. पण डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, ती पुरते. ज्या स्फटिकावर हा ठसा आहे तो अख्खाच्या अख्खा, अब्जावधी अणूंसकट, चांदीत बदलतो. ठसा नसलेल्या स्फटिकांना डेव्हलपर सहसा हात लावत नाही. ते नंतर हायपोच्या द्रावणात विरघळून जातात.

डेव्हलपरला २० अंश तापमान मानवतं. आमच्या नळाला मे महिन्यात तिसाच्या पुढचं पाणी येतं आणि मग रासायनिक क्रिया घाईवर येते. बाथरूममध्ये परात, परातीत बर्फ, बर्फात बाटली, बाटलीत थर्मामीटर. ‘‘सरबत करतोयस का?’’ असं आईने बाहेरून विचारलं होतं.

दुसरा रोल तसाच धुतला. शेवटचं पाणी काढलं, टाकीचं झाकण उघडलं आणि ओली फिल्म खिडकीशी धरली. सातव्या चौकोनात आई. मोगऱ्यावर सगळ्यांत जास्त प्रकाश पडला होता, म्हणजे चांदीही तिथेच सगळ्यांत जास्त साचलेली. अंबाडा पांढुरका आणि त्यावर काळाभोर गजरा, कळीन् कळी मोजता येईल असा, पुरता.