ढेपेचा निवाडा

भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड असे दोन तालुके जेथे नदीच्या पात्राने विभागले आहेत, त्या बागायती पट्ट्यात ऊस तुटू लागला म्हणजे त्याला दोन वाटा फुटतात. एक वाट न्हावरे, पाटस अशा ठिकाणी उभ्या राहिलेल्या साखर कारखान्यांकडे जाते आणि दुसरी केडगाव, यवत, खुटबाव या बाजूच्या गुऱ्हाळांकडे वळते. पहिल्या वाटेने गेलेल्या उसाचे वजन काट्यावर होते आणि साखरेचा उतारा प्रयोगशाळेत आकड्यांनी ठरतो. दुसऱ्या वाटेचा ऊस मात्र काहिलीत आटून, वाफ्यात निवून, ढेपेच्या रूपाने केडगावच्या बाजारात येतो, तेव्हा त्याचा फैसला व्यापाऱ्याची नजर, नखाने काढलेली एक कपची आणि जिभेवर क्षणभर ठेवलेला कण एवढ्या तीन साक्षींवर होतो, आणि त्या साक्षींची उलटतपासणी करण्याचा शिरस्ता आपल्याकडे अजून पडलेला नाही.

ही नजर तुच्छ लेखण्याचे कारण नाही. उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून, त्याची गोळी बोटांत फिरवून, काहील चुलवाणावरून नेमकी केव्हा उतरवायची हे जो गुळव्या सांगतो, तो सुमारे ११८ ते १२० अंशांचे तापमान तापमापकाशिवाय ओळखत असतो. पण एका माणसाने एक वस्तू ओळखणे निराळे आणि अनेक माणसांनी अनेक वस्तूंची तुलना करून त्यांत श्रेष्ठ कोणती हे ठरविणे निराळे. पहिल्यास कसब पुरते, दुसऱ्यास गणित लागते.

महसूल खात्याच्या इतिहासात याच स्वरूपाचा एक प्रसंग घडून गेला आहे. पिकाची आणेवारी पूर्वी नजरेने ठरत असे. शेताच्या बांधावर उभे राहून पीक किती आणे आहे याचा अंदाज बांधला जाई आणि त्याच अंदाजावर तहशिलीची सूट अथवा तहकुबी अवलंबून असे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पुढे कृषी संशोधन परिषदेत असताना, शेते आणि शेतांतील तुकडे यदृच्छेने निवडून, तेवढेच पीक कापून, मळून, प्रत्यक्ष तोलण्याच्या पद्धतीचा जो पाठपुरावा केला, त्यामुळे पिकाच्या अंदाजाला प्रमाणशुद्ध पाया मिळाला. गुळाच्या ढेपेला अद्याप असा कैवारी लाभलेला नाही; तिची आणेवारी अजून बांधावरूनच चालू आहे.

या नजरेच्या निवाड्यात सर्वांत मोठा घोटाळा रंग करतो. पिवळा धमक गूळ डोळ्यांत भरतो, म्हणून त्याला भाव चढतो. आणि भाव चढतो म्हणून भेंडीच्या चिकट रसाने मळी काढून थांबण्याऐवजी पाकात हायड्रोसची पूड टाकण्याचा मोह होतो. ती पूड गुळाचा रंग उजळवते, पण हा उजाळा टिकाऊ नसून साठवणीत तोच गूळ पुन्हा काळवंडतो. चोपण जमिनीतल्या किंवा खाऱ्या विहिरीवरच्या उसाचा गूळ खारवट लागतो, हे कालव्याच्या पट्ट्यातील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु तो खारेपणा पिवळ्या रंगाआड दडून गेला तर चाखणाऱ्याची जीभसुद्धा डोळ्याच्या सल्ल्याने बोलू लागते. यास्तव पदार्थपरीक्षेच्या शिस्तीत, चवच तपासायची असेल तेव्हा नमुने तांबड्या दिव्याखाली ठेवतात, म्हणजे रंगाचा भेद लोपतो. नमुन्यांवर गुऱ्हाळाचे नाव न लिहिता तीन अंकी यदृच्छ क्रमांक घालतात. आणि आधी चाखलेल्या नमुन्याचा पुढच्यावर परिणाम होतो म्हणून प्रत्येक परीक्षकाला क्रम बदलून देतात, दोन नमुन्यांच्या मध्ये पाण्याने चूळ भरावयास लावतात. भारतीय मानक संस्थेने ६२७३ क्रमांकाच्या मानकात १९७१ सालीच या परीक्षांची मार्गदर्शिका घालून दिली आहे.

एवढी तजवीज झाल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो अगदी साधा: दोन गुळांत भेद कळतो तरी काय? पारंपरिक पद्धतीचा एक आणि हायड्रोस घातलेला एक अशा दोन गुळांचे तीन तुकडे, त्यांतील दोन एकाच ढेपेचे, परीक्षकापुढे ठेवावे आणि निराळा कोणता हे विचारावे. काहीही न कळणाऱ्या माणसाचेही उत्तर तीनांत एकदा बरोबर येणारच. म्हणून बारा परीक्षकांपैकी चारांनी ओळखले तर त्यात काही नवल नाही, सातांनी ओळखले तरी केवळ नशिबाने तसे घडण्याचा संभव सुमारे साडेसहा टक्के उरतो, आणि आठांनी ओळखले तर तो दोन टक्क्यांच्या आत येतो. पाच टक्क्यांहून कमी संभवाच्या घटनेस योगायोग म्हणू नये, अशी जी रूढी संख्याशास्त्रात आहे, तिच्या हिशेबाने बारांत आठ ही हद्द झाली. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ सालच्या ग्रंथात वर्णिलेल्या चहाच्या प्रयोगामागेही हाच विचार आहे. चहात दूध आधी घातले की नंतर, हे चवीवरून सांगता येते असे म्हणणाऱ्या बाईंपुढे दोन्ही प्रकारचे चार-चार मिळून आठ पेले ठेवले, तर ते सगळे नशिबाने बरोबर ओळखण्याचा संभव सत्तरांत एक.

भेद आहे असे ठरल्यावर दुसरा प्रश्न पसंतीचा, आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. अमेरिकन सैन्याच्या रसदखात्याने शिकागोच्या आपल्या संस्थेत, जवानांना कोणते अन्न आवडेल हे अजमावण्यासाठी नऊ पायऱ्यांचे जे मोजमाप रूढ केले, त्याचा सर्वत्र उपयोग होतो खरा; पण एक परीक्षक उदार असतो व सातांच्या खाली उतरत नाही, दुसरा कंजूष असतो व पाचांच्या वर चढत नाही, म्हणून अशा गुणांची सरसकट सरासरी काढणे मला धोक्याचे वाटते. त्यापेक्षा प्रत्येकाने नमुन्यांना आपापल्या पसंतीने केवळ पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक द्यावे हे बरे. ज्यांना पुढे १९७६ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले त्या मिल्टन फ्रीडमन यांनी १९३७ साली अशा क्रमांकांची कसोटी सिद्ध केली, आणि ती इतकी सुटसुटीत आहे की गुऱ्हाळाच्या ओसरीवर बसून करता यावी.

समजा, शिरूरकडचा एक व दौंडकडचे दोन असे तीन गूळ आठ परीक्षकांनी चाखले आणि क्रमांकांच्या बेरजा १२, १६ आणि २० आल्या. ज्याची बेरीज कमी तो गूळ अधिक पसंत. कोणालाच काही फरक वाटत नसता तर तिन्ही बेरजा १६ च्या आसपास राहिल्या असत्या. आता बेरजांचे वर्ग करून मिळवावे, त्यास आठांनी भागावे आणि त्यातून ९६ वजा करावे. बाकी ४ उरते. आठ परीक्षक आणि तीन नमुने यांच्यासाठी ही बाकी निदान ६.२५ असल्याखेरीज फरक खरा मानीत नाहीत. म्हणजे ज्या निकालावर बाजारात ढोल वाजले असते, तो निकाल पंधरा टक्के वेळा निव्वळ यदृच्छेनेही आला असता! बेरजा ११, १६ आणि २१ आल्या तर बाकी बरोबर ६.२५ होते आणि फरक मान्य करावा लागतो; तरीही मौज अशी की त्यावरून फक्त पहिला गूळ तिसऱ्याहून सरस ठरतो, कारण कोणत्याही दोन नमुन्यांत खरा भेद म्हणावयास बेरजांमध्ये येथे १० ची तफावत हवी, आणि पहिल्या-दुसऱ्यात ती अवघी पाचाची आहे. पहिल्या क्रमांकाचे पारितोषिक मिळवणारा नमुना दुसऱ्याहून चांगला असतोच असे नाही, ही गोष्ट प्रदर्शनांच्या पंचांनी ध्यानात घेतली तर पुष्कळ रुसवेफुगवे टळतील.

यानंतर जो प्रमाद जाणतेही करतात त्याकडे वळू. गुळाची परीक्षा कधी एकाच गुणावर होत नाही. रंग, गोडी, वास, रवा आणि कठीणपणा अशा पाच निरनिराळ्या परीक्षा घेतल्या जातात, आणि त्यांपैकी एकीत जरी फरक दिसला तरी उत्पादक ती एकच जाहिरातीत मिरवितो. प्रत्येक परीक्षेत खोटा फरक खरा दिसण्याचा संभव पाच टक्के धरला आणि त्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर पाचांपैकी निदान एकीत तसे घडण्याचा संभव सुमारे साडेबावीस टक्क्यांवर जातो. रंग आणि गोडी यांचे मत एकमेकांत मिसळत असल्याने प्रत्यक्षातला आकडा थोडा निराळा असेल, पण उपाय तोच: पाच प्रश्न विचारावयाचे असतील तर प्रत्येकाची कसोटी पाचाऐवजी एका टक्क्याची ठेवावी. अधिक प्रश्न विचारणाऱ्याने अधिक कडक पुराव्याची तयारी ठेवावी, हे न्यायाला धरूनच आहे.

याच्या नेमके उलट घडते ते एकच प्रश्न अनेक वेळा विचारला असता. समजा, गोडीची परीक्षा यवतला, केडगावला आणि शिरूरला अशी तीनदा, निरनिराळ्या परीक्षकांकडून घेतली आणि तिन्ही ठिकाणी तोच गूळ पुढे राहिला, पण दरवेळी योगायोगाचा संभव दहा टक्के निघाला. सुटी पाहिली तर एकही परीक्षा मान्य होत नाही आणि घाईचा माणूस तिन्ही निकाल रद्दीत टाकतो. परंतु अशा निकालांची एकत्र गोळाबेरीज करण्याची जी रीत फिशर यांनी १९३२ साली दिली, तीनुसार या तिहींचा मिळून योगायोगाचा संभव जेमतेम सव्वातीन टक्के उरतो. एकेकटे दुबळे असणारे पुरावे मिळून पुरेसे बलवान होतात. परीक्षा अनेक झाल्या म्हणून पुरावा वाढला की भ्रम वाढला, हे प्रश्न तोच होता की बदलला यावर अवलंबून असते, आणि परीक्षेचा अहवाल वाचताना सर्वांत आधी हीच खातरजमा करावी असे माझे मत आहे.

मात्र ठिकठिकाणच्या बैठकांचे गुण थेट एकमेकांशी जुळवू नयेत. माघात चाखलेली ढेप आषाढात ओल धरून पाझरू लागते, आणि सकाळी उपाशीपोटी चाखणारे परीक्षक दुपारच्या जेवणानंतर तेच राहत नाहीत. म्हणून प्रत्येक बैठकीत एक ठरीव नमुना समान ठेवावा आणि इतरांची तुलना त्याच्याशीच करावी.

नमुने पुष्कळ असले तर एका जिभेला ते सारे पेलत नाहीत; चौथ्या-पाचव्या कपचीनंतर सगळाच गूळ सारखा गोड लागू लागतो. यावर फ्रँक येट्स यांनी १९३६ साली अपूर्ण पण समतोल गटांची योजना मांडली आणि अशा गटांच्या रचनेचे बीजगणित कलकत्त्याच्या संख्याशास्त्रीय संस्थेत काम करणाऱ्या राजचंद्र बोस यांनी १९३९ साली सिद्ध केले. सात गुऱ्हाळांचे सात नमुने असतील तर सात परीक्षकांना प्रत्येकी तीनच नमुने असे वाटून देता येतात की प्रत्येक नमुना तीनदा चाखला जातो आणि कोणतीही जोडी बरोबर एकदाच एका जिभेवर एकत्र येते. ही वाटणी करावयास यंत्र लागत नाही, कागद व शिसपेन पुरते.

तेव्हा दौंड-शिरूरच्या गूळ उत्पादकांनी, बाजार समितीने आणि नारायणगाव व बारामती येथील कृषी विज्ञान केंद्रांनी मिळून येत्या हंगामात एवढे करावे: हायड्रोस न घातलेला गूळ आणि बाजारातला पिवळा गूळ यांची तांबड्या दिव्याखालची परीक्षा, ठरीव नमुना समान ठेवून, निदान तीन गावी घ्यावी; प्रश्न आधीच कागदावर लिहून ठेवावे म्हणजे मागाहून बदलता येणार नाहीत; आणि निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, समितीच्या फलकावर लावावा. परीक्षक म्हणून व्यापारी, गुळव्ये आणि घरोघरच्या गृहिणी सगळ्यांना बसवावे. तंबाखू खाणाऱ्यांनाही मुभा असावी, फक्त परीक्षेपूर्वी तासभर त्यांनी चंची खिशात ठेवावी.