दीडशे जीबीचा निवांतपणा

समर्थ रामदासांचे अकरा मारुती करायला निघालेल्यांत दोन प्रकार असतात. पहिल्यांची गाडी पहाटे सुटते. शहापूर, मसूर, चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज, माजगाव, बहे असं उरकत ती बत्तीस शिराळ्यात येते, आणि दर्शन होतं न होतं तोच मनपाडळे-पारगावच्या दिशेने पळते. संध्याकाळच्या आत अकराचा आकडा पुरा व्हायला हवा ना! दुसरे मात्र बह्याला कृष्णेच्या पात्रातल्या बेटावरच रेंगाळतात. उरलेले मारुती राहून जातात, त्याचं त्यांना काही वाटत नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ घेऊ का, असं विचारणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, तुम्ही कुठल्या गाडीतले?

हा गेम रॉकस्टारचा, म्हणजे ‘व्हाइस सिटी’वाल्यांचाच. २६ ऑक्टोबर २०१८ ला तो प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला, पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर. काळ १८९९, मुलूख अमेरिकेचा. लुटारूंची एक टोळी कायद्यापासून पळते आहे आणि आपण त्या टोळीतले आर्थर मॉर्गन. गेम प्रौढांसाठीच आहे, रक्तपात भरपूर. पण दोन गोळीबारांच्या मध्ये घोड्यावरून जाणं आहे, आणि कितीतरी वेळ नुसतं जाणंच आहे.

शिवाय प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. कपाट उघडलं की आर्थर एकेक खण ओढतो, एकेक डबा उचलून पिशवीत टाकतो. हरीण मारलं की कातडं सोलून होईपर्यंत बघत उभं राहायचं, मग ते घोड्यावर लादायचं. दाढी वाढते. बंदूक मळते, ती पुसावी लागते. घोड्याला चारायचं, खरारा करायचा, थोपटायचं. सलगी वाढली की तो कमी बुजतो. मेला तर गेलाच, खोगीर काढून घ्या आणि दुसरा घोडा बघा. टोळीच्या तळावर तर पळताही येत नाही, कितीही बटण दाबा. नकाशावर बोट ठेवून थेट दुसऱ्या गावी पोचण्याची सोय सुरुवातीला नसते. ती पुढे तळावर पैसे खर्चून मिळते. तोवर घोडा, नाहीतर आगगाडी किंवा टपालगाडीचं तिकीट.

ही अडवणूक मुद्दाम केलेली आहे, कारण गेमचा जीव वाटेवर आहे. रस्त्याकडेला साप चावलेला एक माणूस मदतीसाठी हाका मारतो. थांबून मदत केली, तर पुढे व्हॅलेंटाइन गावात तोच भेटतो आणि बंदुकीच्या दुकानात हवं ते घ्या, पैसे मी भरतो म्हणतो. (विष तोंडाने ओढून काढायचा पर्याय गेममध्ये आहे. नागपंचमीच्या गावच्या शिराळकरांना सांगायला नको, खऱ्या आयुष्यात असलं काही करायचं नसतं, दवाखाना गाठायचा.) भरधाव निघून गेलात तर मागे एक हाक ऐकू येते, बस्स.

सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ‘व्हाइस सिटी’ खेळलेल्यांना आपली परीक्षा आठवणींवरूनच घेता येईल. तिथे बसलं की काय करायचात? ‘पॅन्झर’ टाइप करून रणगाडा मिळवायचा आणि दिसेल ते चिरडायचं, हा एक वर्ग. दुसरा वर्ग मिशन सोडून समुद्राकाठाने मोटरसायकल हाकत रेडिओ ऐकत बसणारा. शेजारचा त्याला वेड्यात काढायचा. या दुसऱ्या वर्गासाठीच रॉकस्टारने पुढे हा गेम केला असावा, असं मला वाटतं.

वेळ नाही, ही सबब मात्र मला पटत नाही. मुख्य कथेलाच पन्नासेक तास लागतात, हे खरं. पण आईने जेवायला हाक मारली तर बीजीएमआयसारख्या ऑनलाइन गेमचा डाव अर्ध्यावर थांबत नाही, आर्थर थांबतो. कामावरून आल्यावर रोज अर्धा तास मिळणाऱ्यालाही हा गेम झेपतो. अट एकच, त्या अर्ध्या तासात काहीतरी जिंकलंच पाहिजे असा हट्ट नको.

गेमची भलामण करणारे एक गोष्ट सांगत नाहीत. मोकळ्या रानात तुम्ही राजे असता, पण मिशन सुरू झालं की तोच गेम मास्तर होतो. ठरलेल्या वाटेवरून जरा बाजूला गेलात, वेगळी शक्कल लढवलीत, की मिशन फसलं, पुन्हा करा. संथपणा सोसून वर हे कशाला, असं वाटलं तर त्यात तुमच्या धीराची कमतरता नाही. लांबलचक पण संथ नसलेले गेमही आहेत. पुण्यात स्टुडिओ असलेल्या युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतले अलीकडचे भाग बघा, नकाशाभर खुणा आणि एकेक खूण पुसत जायचं. पहिल्या गाडीतल्या मंडळींना तेच रुचेल.

इंग्रजीचं काय, हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. मराठी सोडाच, हिंदी उपशीर्षकंही यात नाहीत. कथेचा मोठा भाग घोडे चालवता चालवता गप्पांतून येतो, तोही जुन्या अमेरिकन वळणाच्या बोलीत. घोडा सांभाळत खालच्या ओळी वाचणं जमत नसेल तर अर्धा गेम हातून निसटतो. त्यात कॉम्प्युटरवर जागा लागते १५० जीबी. रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर उतरवायचा म्हटला तर ७५ दिवस, तेही दुसरं काही न बघता. घरात फायबर नसेल तर ज्याच्याकडे आहे असा मित्र गाठा.

आणि पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच परतावा सहज मिळतो. या गेमचा पहिला अध्याय बर्फातल्या डोंगरात, हात धरून चालवल्यासारखा, साधारण तेवढाच वेळ खातो. मोकळं रान दिसेपर्यंत मुदत संपत आलेली असते. त्यापेक्षा दुसऱ्या अध्यायाचा, काटछाट न केलेला, एखाद्याच्या नुसत्या भटकंतीचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ आधी फुकट बघा. पुढे सरकवायच्या बटणाकडे हात जाऊ लागला तर खरेदी राहू द्या. आवडला तरी घाई नको, सवलतीच्या दिवसांत तो निम्म्याहून कमी किमतीत मिळतो.