ढगाच्या पोटातला कण

माकणी गावाला तेरणा नदीवरच्या धरणात साठलेल्या पाण्याचा थेंबन्‌थेंब आभाळात एखाद्या कणाभोवती जन्मला आहे. कण कसला? धुळीचा, समुद्रातल्या मिठाचा, कधी काजळीचा. नुसती वाफ स्वतःहून थेंब व्हायला राजीच नसते. कणरहित, अगदी निर्मळ हवेत वाफेचं पाणी करायचं तर आर्द्रता ४०० टक्क्यांच्या आसपास न्यावी लागेल. आपल्या आभाळात ती शंभराच्या जेमतेम वर गेली की ढग धरतो, कारण वाफेला टेकायला कण हजर असतात. हे कण नसते तर आपला पाऊसच नसता!

मग सुमारे ४०० किलोमीटरवरच्या मुंबईत हेच कण बदनाम का?

तिथे ते येतात कुठून ते आधी बघू. डिझेलचा धूर, बांधकामाची माती, झिजणारे टायर आणि ब्रेक, पेटलेला कचरा. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तिचा धूर उपग्रहातूनही दिसला. सकाळच्या चहाबरोबरच्या पावाचाही यात वाटा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकरी भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, ते यासाठीच.

पण खरी गंमत पुढे आहे. काही कण कुठल्याच धुराड्यातून बाहेर पडत नाहीत. ते हवेतच तयार होतात. कोळसा जळताना गंधकाचा वायू निघतो, इंजिनातून नायट्रोजनचे वायू. गटारं, गोठे आणि युरिया टाकलेली शेतं अमोनिया सोडतात. हे सगळे वायू, डोळ्यांना न दिसणारे. हवेत त्यांची गाठ पडते, ऊन आणि ओलावा मदतीला येतात, आणि वायूंपासून चक्क घन क्षार बनतो. शहरावरच्या धुरकटपणातला मोठा हिस्सा असा अधांतरी जन्मलेला असतो.

आता थंडीतल्या पहाटे माकणीच्या शिवारात उभे राहा. चुलीचा धूर घरांच्या वर थोडा चढतो आणि मग एकदम आडवा पसरतो. कुणी अडवलं त्याला? रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, वरची मात्र उबदार राहते. जड हवा वर चढणार कशी? तोच धूर एप्रिलच्या दुपारी तापलेली जमीन दोन-तीन किलोमीटर उंच उचलते. धूर तेवढाच, आभाळाची उंचीच बदलली.

मुंबईला या कोंडीवर समुद्राने उपाय दिला आहे. दिवसा समुद्रावरचा वारा शहरात शिरतो, रात्री जमिनीवरचा समुद्राकडे जातो. हिवाळ्यात हा खेळ मंदावतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वारे इतके सुस्तावले, की काही दिवस मुंबईची हवा दिल्लीपेक्षाही वाईट नोंदली गेली. तज्ज्ञांनी बोट दाखवलं ते हजारो किलोमीटर दूर, प्रशांत महासागरातल्या ‘ला निना’ या हवामान-घटनेकडे!

आणि हे कण केवढे? २.५ मायक्रॉनचे पंचवीसेक कण ओळीने मांडले तर कुठे एका केसाची जाडी भरते. जाड धूळ नाकातले केस आणि घशातला चिकटा अडवतात. हा कण मात्र थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतो, आणि त्यातले अतिसूक्ष्म रक्तात उतरतात. म्हणून धूर श्वासात जातो आणि झटका येतो हृदयाला किंवा मेंदूला.

मग जास्त कण म्हणजे जास्त पाऊस का नाही? वरण तेवढंच आणि पंगतीला पाहुणे दसपट आले, तर प्रत्येकाच्या वाटीत चमचाभरच पडणार. ढगातही तसंच. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंबुटे एकत्र यावे लागतात. कण फार झाले की थेंबुटे इतके बारीक राहतात, की एकमेकांना नीट धडकतच नाहीत. ढग भरलेला दिसतो आणि न बरसता निघून जातो. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने माकणीशेजारच्याच सोलापूर भागात विमानातून ढगांच्या बुडाशी पाणी ओढणारे, तुलनेने मोठे क्षारकण सोडले. काही ठिकाणी पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. तिथेही सारा प्रश्न कणांचाच होता: किती आणि केवढे.

सगळ्यात मोठं आश्चर्य म्हणजे या कणाचं आयुष्य. कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतकं रेंगाळतो. हा बारीक कण पावसाने धुतला जाईपर्यंत किंवा खाली बसेपर्यंत जगतो, म्हणजे साधारण आठवडाभर. शहराचं धुरकं हा वर्षानुवर्षं साचलेला ढीग नाही. ते आपण रोज ताजं बनवतो. २०२० च्या टाळेबंदीत बनवणं बरंचसं थांबलं आणि थोड्याच दिवसांत आभाळ निवळलं. हवामान बदलाच्या कामाचं फळ नातवंडांना मिळेल. भट्टी आणि इंजिन सुधारलं, तर ते ज्याने सुधारलं त्याच्याच पुढच्या श्वासांत मिळतं.