अदल आणि कसब : इस्लामी विचारातील मानवी कर्तृत्व व ईश्वरी न्याय

उर्दू काव्यातील 'तकदीर' हा शब्द मराठीत आणताना अनुवादक बहुधा 'प्रारब्ध' या शब्दाचा आश्रय घेतात. हा पर्याय सोयीचा असला तरी त्यामागे दोन भिन्न विचारविश्वे आहेत, याचा त्यामुळे विसर पडतो. प्रारब्ध हे जीवाच्याच पूर्वकर्माचे फळ होय. इस्लामी श्रद्धेत मात्र पूर्वजन्म नाही. तकदीर म्हणजे ईश्वराने ठरवून दिलेले माप. साहजिकच, ते माप देणारा न्यायी कसा, हा प्रश्न तेथे अधिक तीव्रतेने उभा राहतो.

कुराणातच या प्रश्नाची दोन्ही टोके आढळतात. ७६व्या सूरेतील २९वी आयत माणसाला इच्छेनुसार ईश्वराचा मार्ग धरण्याची मुभा देते. लगेच ३०वी आयत सांगते की ईश्वराने इच्छिल्यावाचून माणसाची इच्छाही संभवत नाही. उमय्या राजवटीत (६६१-७५०) या प्रश्नाला राजकीय धार आली. राज्यकर्त्यांची सत्ता हाच ईश्वरी संकेत मानला, तर जुलमाविरुद्ध तक्रार करण्याचा आधारच नाहीसा होतो. मानवी कर्तृत्वाचा पुरस्कार करणाऱ्या गैलान अल्-दिमश्की याला खलिफा हिशाम याच्या काळात (७२४-७४३) देहदंड झाला.

बसरा येथे उदयास आलेल्या मुअतझिला पंथाने या विचाराला तात्त्विक रूप दिले. हे चिंतक स्वतःस 'अदल' आणि 'तौहीद', म्हणजे न्याय आणि एकेश्वरत्व यांचे अनुयायी म्हणवीत. चांगले-वाईट बुद्धीला कळते आणि जे कृत्य माणसाचे नाही त्याबद्दल ईश्वर त्याला शिक्षा करणार नाही, अशी त्यांची धारणा होती. ईश्वराच्या न्यायाला अर्थ यावा म्हणून माणूस आपल्या कृतीचा कर्ता असणे त्यांना आवश्यक वाटले.

या भूमिकेवरील आक्षेप परंपरेने एका कथेत जतन केला आहे. अबू अली अल्-जुब्बाई (मृत्यू ९१५) या मुअतझिली आचार्याला त्याचा शिष्य अल्-अशअरी तीन भावांविषयी विचारतो. एक पुण्यवान, एक पापी आणि एक बालपणीच मेलेला. मला पुण्य जोडण्याइतके आयुष्य का दिले नाही, असे बालकाने विचारल्यास काय? तू मोठा होऊन पापी होणार हे ईश्वर जाणत होता, असे गुरू उत्तरतो. मग पापी भाऊ विचारील, मलाही बालपणीच का नेले नाही? येथे गुरू निरुत्तर होतो. कथेची ऐतिहासिकता संशयास्पद असली तरी तिचे मर्म स्पष्ट आहे : मानवी बुद्धीच्या तराजूत ईश्वराचा न्याय मावत नाही. पुनर्जन्म मानणाऱ्या परंपरेत हे कोडे या स्वरूपात पडलेच नसते.

अल्-अशअरीने यातून 'कसब' ही कल्पना पुढे आणली. कृती निर्माण करतो ईश्वर. माणूस ती 'कमावतो' आणि म्हणून तिला उत्तरदायी ठरतो. तापाने थरथरणारे शरीर आणि स्वेच्छेने टाकलेले पाऊल यांतील भेद प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असतो, हा त्याचा आधार होता. तरीही ही कल्पना इतकी सूक्ष्म ठरली की, दुर्बोधतेची उपमा म्हणून 'अशअरीचे कसब' प्रसिद्ध झाले. समरकंदच्या अल्-मातुरीदीने (मृत्यू ९४४) माणसाच्या निवडीला, म्हणजे 'इख्तियार'ला, अधिक स्पष्ट स्थान दिले. भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान ज्या हनफी परंपरेचे आहेत, तिच्याशी हाच विचार निगडित आहे.

काव्याने हा वाद मिटवला नाही, जिवंत ठेवला. रूमीच्या 'मसनवी'त बागेत चोरी करणारा ईश्वरेच्छेचा हवाला देतो, तेव्हा मालक त्याच इच्छेचा हवाला देऊन त्याला बडवतो आणि चोराला माणसाची निवड मान्य करावी लागते. उलट मीर तकी मीर (१७२३-१८१०) परतंत्र माणसावर स्वातंत्र्याचा आळ घातल्याची तक्रार करतो.

या वादाची परिभाषा मराठीतही वावरते, हे सहसा ध्यानात येत नाही. हुन्नर या अर्थी 'कसब', अधिकार या अर्थी 'अखत्यार' आणि मूळ 'वाटा' या अर्थाचे 'नशीब' हे शब्द त्याच अरबी परिभाषेशी नाते सांगतात. अनुवादकाने 'तकदीर'साठी 'प्रारब्ध' योजण्यापूर्वी या शब्दांचा विचार करावा. अन्यथा ईश्वराकडे न्याय मागणारा कवी मराठीत केवळ स्वतःच्या पूर्वकर्माला दोष देणारा ठरेल.