रोजचे आरोग्य, भाग ६ : जिना, शतपावली आणि कट्टा

दिवसभरात शरीराची जी हालचाल होते, तिचा फार थोडा भाग व्यायाम म्हणून केलेला असतो. बाकीची हालचाल घर, रस्ता आणि काम आपल्याकडून करून घेतात. मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत ती बरीच होत असे, कारण इथली घरेच तशी होती. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाईल रोडला (आताचा ना. म. जोशी मार्ग) बांधलेल्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या होत्या. एका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, मधून लांब बोळ, शौचालये सामाईक, लिफ्ट नाही. गिरगावच्या वाड्यांमधल्या चाळींत बोळाऐवजी बाहेरची गॅलरी असे. तिसऱ्या मजल्यावरची बाई दळण, भाजी, रॉकेल आणि मुलांची शाळा यांसाठी दिवसातून अनेकदा जिना चढत-उतरत असे. त्या जिन्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गुडघे धरलेल्या म्हातारीला तो महिनोन्‌महिने घरात डांबून ठेवी, आणि एका खोलीत आठ-दहा माणसे राहत तिथे क्षयाला फावत असे. तरीही शरीराला रोज हलते ठेवण्याचे त्या जिन्याने केलेले काम नाकारता येत नाही.

ते काम किती मोलाचे, याचा पहिला भक्कम पुरावा लंडनच्या बसमधून मिळाला. जेरी मॉरिस या डॉक्टरने तिथल्या बस कर्मचाऱ्यांची पाहणी १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर सीटवर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबल डेकरच्या जिन्याच्या शेकडो पायऱ्या रोज पायाखाली घालणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता आणि झालाच तर तो उशिरा होत होता. मॉरिस तिथे थांबला नाही. १९५६ साली त्याने गणवेशांच्या मापांची नोंद तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारी आधीपासूनच कमरेला मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. कोण कोणत्या कामाला लागतो, याचाही त्यात वाटा होता. पुढच्या सत्तर वर्षांत वेगवेगळ्या देशांत झालेल्या अभ्यासांनी मूळ निष्कर्ष मात्र कायम ठेवला. मुंबईत बेस्टची डबल डेकर १९३७मध्ये आली आणि जुन्या लाल गाड्यांपैकी शेवटची २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्या मागच्या गोल जिन्यावर खाकी कपड्यांतला कंडक्टर चामड्याची पिशवी सांभाळत, तिकिटाचा पंच टकटकवत जो खाली-वर करी, त्याच्या कामाची जात लंडनच्या कंडक्टरासारखीच होती.

आता वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी चाळीस मजली टॉवर उभे राहिले आहेत आणि १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. स्वतःचे शौचालय, नळाला पाणी, लिफ्ट ही सोय हवीच होती. पण जी हालचाल फुकट होत होती, ती आता ठरवून करावी लागते. चाळिसाव्या मजल्यापर्यंत चढून जायला कोणी सांगत नाही. लिफ्टमधून दोन-तीन मजले आधी उतरून उरलेले पायी चढणे, दादर स्टेशनच्या पुलावर सरकत्या जिन्याऐवजी साधा जिना धरणे, एवढे पुरते. चढताना धाप लागते ती मांडीचे आणि नितंबांचे मोठे स्नायू एकदम कामाला लागतात म्हणून. म्हणूनच थोड्या वेळातही जिन्याचा उपयोग जास्त होतो. गिरगावकरांना चौपाटीमागून मलबार हिलवर चढणारा सिरी रोडही आहे, आणि तिथेच झाडांमधून जाणारी उन्नत पायवाट २०२५पासून खुली झाली आहे.

शतपावलीचा मामला वेगळा. जेवणानंतर रक्तातली साखर वाढते आणि साधारण अर्ध्या ते दीड तासात शिखर गाठते. चालणारा स्नायू ही साखर आत ओढून घेतो, आणि आकुंचन पावणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. ज्यांचे इन्सुलिन नीट काम करत नाही अशा मधुमेहींना म्हणूनच जेवणानंतरचे चालणे इतर वेळच्या चालण्यापेक्षा अधिक मानवते. अभ्यासांत दोन ते पाच मिनिटांच्या संथ चालण्यानेही साखरेची चढण कमी झालेली दिसली आहे. चाळीत याला गॅलरी पुरे. ताटे उचलली की पुरुष मंडळी बनियनवर बाहेर येत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत. मध्ये कोणाच्या दारात थांबून उद्याच्या कामाच्या पाळीविषयी दोन शब्द होत. बायकांच्या वाट्याला त्या वेळी भांडी असत, हेही नोंदवायला हवे. फ्लॅटमध्ये गॅलरी नसली तर मजल्याचा पॅसेज, गच्ची, सोसायटीचे आवार यांतले काहीही चालते. जेवून लगेच सोफ्यावर बसणे तेवढे टाळायचे.

मोकळ्या मैदानात चालायचे तर या भागाचे ठिकाण ठरलेले आहे. दादरचे मैदान १९२५मध्ये माहीम पार्क म्हणून खुले झाले आणि १९२७मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचे शिवाजी पार्क झाले. त्याच्या एका कोपऱ्यात १९२५पासूनचे श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, तिथे आजही मुले मल्लखांब करतात. सगळ्या मैदानाला वेढा घालतो तो कट्टा: पादचारी वाटेच्या आतल्या अंगाला, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा, बसायला बेताच्या उंचीचा. सकाळी लोक त्याच्या कडेने फेऱ्या घालतात आणि फेऱ्या झाल्या की त्याच्यावरच टेकतात. आरोग्याच्या हिशेबात हे टेकणे सहसा धरले जात नाही. ते धरायला हवे. २०१० साली १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक निघाली. क्रिकेट, राजकारण आणि गुडघेदुखी यांवर रोज त्याच चार जणांशी होणारी चर्चा निष्फळ दिसते, पण एखाद्या सकाळी पाचवा आला नाही तर त्याच्या घरी फोन जातो. शिवाय सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि रात्री झोप वेळेवर लागते.

किती चालावे? दहा हजार पावलांचा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. त्यामागे वैद्यकीय संशोधन नव्हते. साठीपुढच्या माणसांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत फायदा वाढत जातो, नंतर तो फारसा वाढत नाही, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांची आहे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, अशी चाल म्हणजे मध्यम.

सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, ही ऐकीव गोष्ट. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला अडीचशेच्या वर. एखादा दिवस चुकला म्हणून घडी मोडली नाही. नवी गोष्ट रोजच्या ठरलेल्या गोष्टीला बांधली की ती लवकर रुजते: जेवण झाले की फेरी, दूध आणायला गेलो की एक वळसा. 'वेळ मिळाला की चालू' असे म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही.

राहिला हवेचा प्रश्न. डिसेंबर ते फेब्रुवारीत मुंबईत पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत अडकून राहतात, आणि शिवाजी पार्कात मैदानाच्या तांबड्या मातीची भर पडते. दमेकऱ्यांनी त्या दिवसांत पहाटेचा हट्ट सोडून ऊन चढल्यावर निघावे. पावसाच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी पडते. तेव्हा निसरड्या फुटपाथपेक्षा घरचा जिना आणि पॅसेज बरे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. जिना चढताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच बसावे आणि ती ओसरली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बसूनही ती थांबत नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. गुडघे झिजलेल्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक जाचते, म्हणून त्यांनी चढताना जिना आणि उतरताना लिफ्ट घ्यावी.