मैवंदचा बॉबी आणि मुंबईचे ग्रेनेडियर्स

मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणी रेल्वेने थळघाट चढून देवळालीच्या छावणीत येत आणि तिथून देशभर पांगत. या पलटणींमध्ये कुत्रे पाळायची हौस त्या काळी सर्रास होती. पलटणीच्या दप्तरात अशा कुत्र्यांना क्वचितच जागा मिळे. बॉबीला मात्र राणी व्हिक्टोरियाने पदक दिले.

बॉबी हे ६६व्या बर्कशायर पलटणीतल्या सार्जंट पीटर केलीचे लहानसे संकरित कुत्रे. दुसऱ्या अफगाण युद्धात ही पलटण जनरल बरोजच्या ब्रिगेडमध्ये होती. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंदच्या माळावर सरदार अयूबखानाच्या कितीतरी मोठ्या फौजेने ही ब्रिगेड मोडून काढली. माघार घेता घेता काही तुकड्या खिग गावच्या बागांमध्ये पाय रोवून उभ्या राहिल्या. शेवटी उरले अकरा जण, आणि त्यांच्यापाशी भुंकणारा बॉबी. त्याच्या पाठीला जखम झाली होती, तरी तो कंदाहारला पोचला आणि आपल्या माणसांना जाऊन मिळाला. १७ ऑगस्ट १८८१ रोजी ऑस्बोर्न हाउसमध्ये लाल अंगरखा घातलेल्या बॉबीच्या गळ्यात राणीने अफगाण युद्धाचे पदक घातले. पुढच्याच वर्षी गॉस्पोर्टमध्ये एका घोडागाडीखाली सापडून तो मेला. पलटणीने त्याचा देह पेंढा भरून जतन केला आणि आज तो सॉल्झबरीच्या संग्रहालयात पदकासह काचेआड आहे.

इथवरची कथा इंग्रजीत शेकडो वेळा सांगून झाली आहे. त्या कथेत फारसे न येणारी माणसे मुंबई इलाख्याची होती.

त्या माळावर पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स पलटण होती, ‘जेकब्ज रायफल्स’ म्हणून ओळखली जाणारी तिसावी मुंबई पलटण होती, आणि लेफ्टनंट हेन याच्या हाताखाली बॉम्बे सॅपर्सची तुकडी होती. हे सॅपर्स, म्हणजे लष्करातले अभियंते, पुण्याजवळच्या खडकीचे. मुंबईच्या फौजेत मराठे, महार, परदेशी (म्हणजे उत्तर हिंदुस्थानी), मुसलमान, बेने इस्राएल एकाच पलटणीत असत. ग्रेनेडियर्स जुलैच्या उन्हात, पाण्यावाचून, तासन्‌तास तोफांच्या माऱ्याखाली उभे राहिले. त्यांची ६४ टक्के माणसे पडली. बर्कशायरची ६२ टक्के. खिगच्या बागेत हेन आणि त्याचे सॅपर्स गोऱ्या शिपायांच्या बरोबरीने लढले आणि हेन तिथेच पडला. तरीही फळी फुटली याचा दोष पुढे बराचसा हिंदी पलटणींच्या माथी आला. हा न्याय नव्हता. बर्कशायरच्या बरोबरीने, किंबहुना किंचित जास्तच, मेलेल्या पलटणीला पळपुटी म्हणणे हा तिच्या मृतांचा अपमान आहे.

रेडिंग शहरात बर्कशायरच्या ३२९ मृतांची नावे वाहणारा प्रचंड सिंह उभा आहे. कॉनन डॉइलने १८८७ साली शेरलॉक होम्सचा सोबती डॉक्टर वॉटसन निर्माण केला, तोही मुंबईत उतरलेला आणि मैवंदला बर्कशायरांबरोबर जखमी झालेला. होम्सला भेटल्यावर हा निवृत्त लष्करी डॉक्टर आपल्याकडे कुत्र्याचे पिल्लू असल्याचे सांगतो आणि पुढे त्या पिल्लाचा कुठेच पत्ता लागत नाही. होम्सभक्त त्यावर आजही वाद घालतात. काल्पनिक पिल्लावर एवढी शाई खर्च होते आणि ग्रेनेडियर्सच्या नाईकाचे नाव सामान्य वाचकाला एकही सांगता येत नाही.

नावे शोधायला त्र्यंबकेश्वरला यावे. इथल्या तीर्थोपाध्यांच्या घरी यात्रेकरूंच्या वंशावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की पूर्वजांच्या नोंदी निघतात. शिवाय परमुलखात, अपघाती किंवा संस्कारावाचून मरण आलेल्यांसाठी नारायणबळी करायला लोक पूर्वापार इथेच येतात. मैवंदला पडलेल्या शिपायाच्या घरच्यांनी यावे, अशी याहून योग्य जागा नाही. या वह्यांत महार शिपायांची घरे शोधणे मात्र कठीण, कारण शेजारच्या नाशकात काळारामाच्या देवळाचे दार उघडावे म्हणून अस्पृश्यांना १९३० सालीही सत्याग्रह करावा लागला. त्यांच्यासाठी गावोगावच्या घराण्यांच्या आठवणीच धुंडाळाव्या लागतील.

१८८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांच्या वह्या रत्नागिरी, सातारा आणि पुणे या जिल्ह्यांपुरत्या जरी चाळल्या, आणि जिथे तरुण मुलगा बापाआधी गेलेला दिसतो त्या नोंदी वेगळ्या काढल्या, तरी कामाला सुरुवात होईल. वाळवी आणि ओल यांच्या तडाख्यात पाने निखळू लागली आहेत. नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने उपाध्यांची संमती घेऊन हे काम येत्या उन्हाळ्यातच हाती घ्यावे.