भिंतीला धरून

रोमच्या कलोसियममध्ये प्रेक्षकांवर सावली धरायला कापड ताणलं जाई आणि ते ओढायला आरमारातले खलाशी नेमलेले असत. कापड गेलं, दोर गेले, डोलकाठ्या गेल्या. भिंतीतून पुढे आलेले दगडी तोडे मात्र, भिंत जिथे शाबूत आहे तिथे, आजही दिसतात. पूर्ण घेरात ते 240 होते. काठीचा बुंधा तोड्यावर टेके आणि तिचं वरचं अंग कंगणीतल्या भोकातून आरपार जाई. म्हणजे भिंतीने काठीला दोन जागी धरलेलं, आणि त्या दोन जागांमध्ये चांगलं अंतर. पुण्यात कोथरूडमधल्या एका टेरेसवर ऑनिंग, म्हणजे भिंतीतून उघडणारं कापडी छत, बसवताना मला हे तोडे सारखे आठवत होते.

टेरेस मित्राची, तोंड पश्चिमेला. दुपारी तीननंतर फरशीवर पाय ठेवता येत नाही. त्याने 4 मीटर रुंद आणि अडीच मीटर बाहेर येणारं ऑनिंग पसंत केलं. दुकानात तासभर गेला तो कापडाच्या रंगात. भिंत कसली आहे, हे ना त्याने सांगितलं ना कुणी विचारलं. सोबत दोन आटोपशीर ब्रॅकेट मिळाले, तळहाताएवढे.

यंत्र म्हणून ही चीज मला फार आवडते. पाठीचा कणा म्हणजे 40 मिलिमीटर बाजूचा चौकोनी पोलादी बार. भिंतीवरचे ब्रॅकेट या बारला पकडतात आणि कापड बाहेर ढकलणाऱ्या दोन हातांचे खांदेही त्याच बारला आवळलेले असतात. बार चौकोनी, म्हणून हात खाली झुकू लागले तरी तो खाचेत फिरत नाही. ब्रॅकेट बारवर डावी-उजवीकडे सरकवता येतो, त्यामुळे भिंतीत जिथे दम असेल ती जागा निवडता येते. फक्त ती खांद्याच्या जवळ हवी. वर रूळ, रुळावर कापड, कापडाच्या टोकाला पुढची दांडी. हातांना कोपर असतं आणि आत ताणलेली स्प्रिंग. ती हात कायम उघडू पाहते, कापड तिला अडवून धरतं. म्हणून दुरुस्तीला कापड सोडण्याआधी हात पट्ट्याने बांधावे लागतात. ज्याने ते केलं नाही, त्याला हाताने सणसणीत थोबाडीत दिलेली असते.

स्प्रिंगची ही झटापट यंत्राच्या यंत्रातच मिटते, भिंतीपर्यंत येत नाही. भिंतीपर्यंत येतो तो वारा.

युरोपीय मानकात ऑनिंगचे वाऱ्याप्रमाणे वर्ग आहेत. त्यातला दुसरा वर्ग साधारण ताशी 38 किलोमीटरच्या वाऱ्याचा, आणि त्याच्या चाचणीचा दाब चौरस मीटरला सुमारे 7 किलो. आकडा किरकोळ वाटतो. पण आमचं कापड 10 चौरस मीटर, म्हणजे 70 किलो, आणि तेही भिंतीपासून सरासरी सव्वा मीटर लांब. त्यात हात, दांडी, कापड यांचं स्वतःचं वजन मिळवलं की भिंतीपाशी येणारा पीळ 120 किलो-मीटरच्या घरात जातो. दोन ब्रॅकेट, प्रत्येकी 60. तळहाताएवढ्या ब्रॅकेटची खालची कड भिंतीला टेकते आणि वरचे बोल्ट तिच्यापासून जेमतेम 10 सेंटिमीटरवर. साठला दशांशाने भागा: 600 किलो. एवढ्या जोराने वरचे बोल्ट भिंतीतून बाहेर ओढले जातात. ऑनिंगचं वजन किती, असं सगळे विचारतात. खरी भानगड वजनाची नाहीच.

उपाय तोड्यांनी सांगून ठेवलेला आहे. टेकण्याची आणि ओढण्याची जागा एकमेकींपासून लांब करायची. आम्ही 10 मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट कापून घेतली, 300 मिलिमीटर उंच आणि 150 रुंद. ब्रॅकेट प्लेटवर, प्लेट भिंतीवर. वरचे बोल्ट आता खालच्या कडेपासून 25 सेंटिमीटरवर आले आणि 600 चे 240 किलो झाले. तेही दोन बोल्टांत वाटून. खालीही दोन बोल्ट घातले, कारण वारा खालून शिरला की सगळं उलटं होतं आणि ओढ खालच्या बाजूला येते. डिझाइन म्हणून एवढंच. फॅब्रिकेटरने प्लेट हातात घेऊन विचारलं, ‘‘साहेब, कपाट टांगायचंय की हत्ती?’’

मग भिंत. पुण्यातल्या आपल्या इमारतीत सांगाडा काँक्रीटचा आणि मधली भिंत विटांची किंवा हल्ली हलक्या सच्छिद्र ब्लॉकची. फुगणारा अँकर काँक्रीटमध्ये उत्तम धरतो. विटेत, त्यातून सांध्याजवळ, तोच अँकर फुगताना वीट फोडतो. हलक्या ब्लॉकमध्ये तो आपल्याभोवतीचा भुगा करतो आणि नट फिरतच राहतो. तिथे रॉड भिंतीतून आरपार घालून आतल्या बाजूला दुसरी प्लेट लावणं हा जुना, कुरूप आणि भरवशाचा मार्ग. आमच्या नशिबाने दाराच्या वर बीम होता. ब्रॅकेट सरकवून दोन्ही प्लेटा बीमवर आणल्या.

बीमवर गेलो आणि दुसरीच अडचण आली. ऑनिंगची उंची 2.6 मीटर ठरली. पाऊस साचू नये म्हणून कापडाला 14 अंशांचा उतार हवा, नाहीतर मधोमध पोट सुटतं आणि चौरस मीटरभर जागेत 10 सेंटिमीटर पाणी तुंबलं तरी 100 किलो झाले. अडीच मीटरला या उताराने पुढची दांडी सुमारे 62 सेंटिमीटर खाली येते, म्हणजे फरशीपासून दोन मीटरला थोडी कमी. मित्र सहा फुटी, त्याचा मुलगा त्याहून उंच. अखेर ऑनिंग बदलून दोन मीटरचं घेतलं. सावली थोडी गेली, पण पीळ लांबीच्या वर्गाने कमी होतो. वाऱ्याचा वाटा 36 टक्के उतरला. त्या दिवशी भांडण झालं होतं, हेही नोंदवून ठेवतो.

बसवताना मिस्त्रींनी आधी प्लेटच्या मापाचं प्लास्टर छिन्नीने काढलं. मला ते उगाच वाटलं. ‘‘बोल्ट आवळला की प्लास्टर दबतं, साहेब. आज घट्ट, दिवाळीला ढिला,’’ ते म्हणाले. दोन प्लेटा एका रेषेत याव्यात म्हणून दोरी ताणली, पाण्याची लेव्हल लावली. एक ब्रॅकेट जरासा वर राहिला तर कापड रुळावर तिरकं गुंडाळतं आणि एका कडेला चुण्या पडतात. भोकं पाडून त्यातली भुकटी पंपाने उडवली, कारण भुकटी राहिलेल्या भोकात अँकर धरत नाही. प्लेटला झिंकचा मुलामा दिलेला होता. वरची कड आणि दोन्ही बाजू सीलंटने बंद केल्या, खालची कड मुद्दाम उघडी ठेवली. आत पाणी शिरलंच तर त्याला बाहेर पडायला वाट हवी.

शेवटी मिस्त्रींनी पिवळ्या रंगाचा ब्रश घेतला आणि प्रत्येक नटावरून प्लेटवर जाणारी एकेक सरळ रेघ ओढली. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात मी शिडी लावून वर चढलो. आठांपैकी सात रेघा जशाच्या तशा होत्या. डाव्या प्लेटच्या वरच्या एका नटाची रेघ किंचित मोडली होती. पाना लावून तो जरासा आवळला आणि रेघ पुन्हा जुळली.